शेवटचा शॉट कुणाचा? : जुलिएत्ता मासिनाच्या बायका

इअरफोन नीट बसवा, आवाज थोडा वाढवा. वाचणाऱ्यांसाठी नेहमीप्रमाणे बोललेलं तसंच उतरवलंय, फक्त माझे 'अं' आणि 'म्हणजे' कापलेत. सगळे नाही कापले, कारण मग काही उरलंच नसतं.

आज एका इटालियन नटीबद्दल बोलायचंय, जुलिएत्ता मासिना. जन्म १९२१, बोलोन्या शहराजवळच्या एका छोट्या गावातला. उंचीने बुटकी, चेहरा गोल, डोळे मोठे. त्या काळात इटालियन नटी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर सोफिया लोरेन यायची. मासिना त्या साच्यात कुठेच बसत नाही. तिच्या नावापुढे हमखास दोन शेपट्या लागतात. एक म्हणजे 'दिग्दर्शक फेदेरिको फेलिनीची बायको', आणि दुसरी 'स्त्री-चॅप्लिन'. मला दोन्ही आवडत नाहीत. का, ते ओघात येईलच.

आधीच सांगते, आज शेवट फुटणार आहेत. एकूण विषयच शेवटांचा आहे, त्यामुळे नाइलाज. सिनेमे सत्तर वर्षं जुने आहेत, एवढं चालेल.

तर दहा हजार लिरा. १९५४ च्या 'ला स्त्रादा'मध्ये, 'ला स्त्रादा' म्हणजे रस्ता, सुरुवातीच्या काही मिनिटांत जेल्सोमिना नावाची मुलगी दहा हजार लिरांना विकली जाते. विकणारी तिची आई. घेणारा झाम्पानो, म्हणजे अँथनी क्वीन. तो गावोगाव फिरून छातीला गुंडाळलेली लोखंडी साखळी छाती फुगवून तोडायचा खेळ करतो. त्याच्याकडे तीनचाकी मोटरसायकलची गाडी आहे, तेच घर. जेल्सोमिनाची बहीण रोझा आधी त्याच्याबरोबर गेली होती. ती मेली, म्हणून तो आता दुसरी मुलगी घ्यायला आलाय. आई रडते आणि रडता रडता पैसे घेते. घरी खाणारी तोंडं बरीच आहेत.

आता मासिना इथे काय करते ते बघा. विकली गेलेली मुलगी रडेल, पाय धरेल असं आपल्याला वाटतं. जेल्सोमिनाच्या चेहऱ्यावर भीती असते, आणि भीतीच्या शेजारीच चक्क थोडा उत्साहही असतो. आपण कलाकार होणार! आपण नाचणार, गाणार! तिला घराबाहेरचं जग बघायला मिळतंय, आणि त्याची किंमत काय हे तिला नीट कळलेलं नाही. का कळलंय? मी हा भाग चार-पाच वेळा मागे नेऊन बघितला, मला ठरवता आलं नाही.

माझी एक रूममेट आहे, टेस्टिंगमध्ये काम करते. तिला मी मोठ्या हौसेने हा सिनेमा लावून दिला. झाम्पानो जेल्सोमिनाला ढोल वाजवून त्याच्या नावाची दवंडी पिटायला शिकवतो असा प्रसंग आहे. चुकलं की झुडपाची काढलेली छडी पायावर. तिथे ती उठली. म्हणाली, "हे बघायला मला सबटायटल कशाला पाहिजेत? आमच्या गल्लीत फुकट दिसायचं." आणि आत जाऊन झोपली.

मला यावर पटकन उत्तर सुचलं नाही. प्रश्न खराच आहे. मार खाणाऱ्या, फसवल्या जाणाऱ्या, टाकून दिलेल्या बाईचा सुंदर सिनेमा आपण का बघायचा? त्यातून मासिनाच्या भूमिकांची यादी काढली तर निम्म्याहून जास्त बायका अशाच. मग मी तिचे मिळतील ते सिनेमे सालवार लावून बघायला घेतले. हा भाग त्यातून आलाय.

थोडं मागे जाऊ. मासिनाची ओळख लोकांना आधी आवाजाने झाली. युद्धाच्या काळात इटालियन रेडिओवर 'चिको आणि पाल्लीना' नावाच्या एका नवरा-बायकोच्या जोडीच्या छोट्या श्रुतिका चालायच्या. पाल्लीनाचा आवाज मासिनाचा, लिहिणारा तरुण फेलिनी. त्यातूनच ओळख झाली आणि ३० ऑक्टोबर १९४३ ला लग्न. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर ती ऑडिओवाली. पॉडकास्टवाल्यांनी तिला आपली मानायला हरकत नाही!

हे मी उगाच सांगत नाहीये. त्या काळी इटलीत सिनेमाचा आवाज बहुधा नंतर स्टुडिओत भरायचे. 'ला स्त्रादा'त अँथनी क्वीन आणि रिचर्ड बेसहार्ट हे दोघे अमेरिकन नट आहेत, इटालियन प्रतीत त्यांचे आवाज दुसऱ्यांचे. मासिनाचा आवाज मात्र तिचा स्वतःचा. जेल्सोमिना फार बोलत नाही, पण जे बोलते ते कधी कुजबुजल्यासारखं, कधी शाळेत कविता म्हणावी तसं ठोकून, आणि दवंडी देताना तर अगदी पोरासारखं. कधी तरी स्क्रीन पालथी घालून नुसतं ऐका.

मग उलट करा. आवाज बंद करून नुसतं बघा. मी दिवसभर सर्व्हरचा लॅग मोजते, म्हणून असेल, पण मला तिच्या चेहऱ्यात एक लॅग दिसतो. समोर काहीतरी घडतं. बाकीचे नट लगेच प्रतिक्रिया देतात. जेल्सोमिनाचा चेहरा क्षणभर तसाच कोरा राहतो, आणि मग हळूच काहीतरी उमटतं. कधी हसू, तेही ओठ मिटूनच. कधी रडू येणार असं वाटतं आणि मध्येच दुसरंच काहीतरी लक्ष वेधतं, की रडू राहूनच जातं. तो मधला कोरा क्षण आहे ना, तिथे आपण अडकतो. आपण वाट बघायला लागतो. भूमिकेची सगळी ताकद मला तिथे वाटते.

तेव्हा ती बत्तिशीच्या पुढे होती, हेही लक्षात घ्या. केस वेडेवाकडे कापलेले, अंगावर जुना लष्करी डगला, पायात बूट. निर्मात्यांना या भूमिकेत दुसरी नटी हवी होती, फेलिनी मासिनावर अडून बसला. म्हणून लोक म्हणतात नवऱ्याने तिला घडवली. अरे, पण त्याआधी अल्बेर्तो लात्तुआदाच्या १९४८ च्या 'सेन्झा पियेता'मधल्या सहायक भूमिकेसाठी तिला इटालियन समीक्षकांचा पुरस्कार मिळाला होता. फेलिनीने तोवर एकही सिनेमा दिग्दर्शित केला नव्हता. १९५२ मध्ये रोस्सेलिनीच्या 'युरोपा ५१'मध्ये ती इन्ग्रिड बर्गमनसमोर उभी राहिली, पोरांचं लेंढार सांभाळणाऱ्या झोपडपट्टीतल्या बाईच्या भूमिकेत. थोडाच वेळ दिसते, पण ती आली की पडद्यावर वारा सुटल्यासारखं होतं.

असो. पुन्हा रस्त्यावर येऊ.

'ला स्त्रादा'त एक प्रसंग आहे, तो फार कुणी सांगत नाही. झाम्पानो एका रात्री दुसऱ्या बाईला घेऊन निघून जातो. जेल्सोमिनाला म्हणतो, इथे थांब. ती रस्त्याच्या कडेला बसून राहते. रात्री रिकाम्या रस्त्यावरून एक घोडा एकटाच चालत जातो. कुणाचा, कुठला, काही नाही. सकाळ होते. लोक सांगतात की तुझा माणूस गावाबाहेर पडलाय. ती धावत जाते, तर हा मोकळ्या जागेत झोपलेला. उठेपर्यंत हिने काय करावं? टोमॅटोचं बी पेरते. ज्यांचं घरच चाकावर आहे, जे तासाभरात इथून निघणार, तिथे ती टोमॅटो लावते आणि त्याला कौतुकाने सांगते.

आपल्याकडे म्हणतात, पदरी पडलं आणि पवित्र झालं. पटकन वाटतं की जेल्सोमिना तशीच. पण टोमॅटो लावणारी बाई नुसतं सोसत नसते. ती त्या माणसाबरोबर एक घर करायला बघते आहे, जिथे घराला जागाच नाही अशा ठिकाणी. आणि मध्ये एकदा ती सरळ सोडूनही जाते, हेही विसरू नका. झाम्पानो तिला मारत मारत परत आणतो.

पुढे सर्कशीतला डोंबारी भेटतो, त्याला सगळे 'मात्तो' म्हणजे येडा म्हणतात. तो तिला एक खडा उचलून दाखवतो आणि म्हणतो की या खड्याचासुद्धा काहीतरी उपयोग असणार. कशासाठी ते मला माहीत नाही, पण याचा नसेल तर कशाचाच नाही. या प्रसंगावर जगभर ढीगभर लिहिलं गेलंय. मासिना तो खडा हातात घेऊन ज्या पद्धतीने मान डोलावते त्याला तोड नाही, कबूल. पण मला हा प्रसंग आता थोडा खटकतो. तुझं जगणं कुणाच्या तरी उपयोगाचं आहे, म्हणून तू याच्याजवळ राहा, असा त्याचा अर्थ निघतो. ज्याचा उपयोग व्हायचा तो कोण, तर छडी मारणारा. आणि ती राहते.

मग झाम्पानोच्या हातून तो मात्तो मरतो. जेल्सोमिना आतून तुटते. तीच तीच वाक्यं पुटपुटत राहते, कण्हते, काम करत नाही. झाम्पानोला ती आता निरुपयोगी. थंडीत, एका पडक्या भिंतीपाशी ती झोपलेली असताना तो तिच्या अंगावर पांघरूण घालतो, थोडे कपडे, थोडे पैसे ठेवतो, तिची आवडती तुतारी ठेवतो, आणि गाडी ढकलत लांब नेऊन मग सुरू करतो.

थोडे पैसे. दहा हजार लिरा देऊन आणली, थोडे पैसे ठेवून सोडली. सिनेमा हे बोलून दाखवत नाही, पण हिशेब पुरा होतो.

आणि यानंतर जेल्सोमिना आपल्याला पुन्हा दिसत नाही. हेच मला सांगायचं होतं! काही वर्षांनी झाम्पानो एका गावात एका बाईला कपडे वाळत घालताना तीच धून गुणगुणताना ऐकतो, नीनो रोताची ती धून, जी जेल्सोमिना तुतारीवर वाजवायची. ती बाई सांगते की एक मुलगी होती, वडिलांना समुद्रकिनारी सापडली, वाजवायची, काही बोलायची नाही, एका सकाळी मेली. संपलं. रात्री झाम्पानो दारू पिऊन वाळूवर कोसळतो, आकाशाकडे बघतो आणि रडतो. शेवटचा शॉट त्याचा.

मृत्यू तिचा, आणि सुटका त्याची. तिचं मरण दोन-चार वाक्यांत, तेही दुसऱ्या कुणाच्या तोंडून. क्वीन तिथे अप्रतिम आहे, मी वाद घालत नाही. पण माझी रूममेट अर्ध्यात उठली नसती तर या जागी नक्की म्हणाली असती, की बघ, शेवटी रडायचा मानही त्यालाच.

जगाला सिनेमा भयंकर आवडला. व्हेनिसला रौप्य सिंह, मग ऑस्करमध्ये परभाषी चित्रपटांसाठी स्पर्धेने द्यायचा पुरस्कार सुरू झाला तो पहिला यालाच, १९५७ च्या समारंभात. आणि लोकांनी मासिनाला 'स्त्री-चॅप्लिन' म्हणायला सुरुवात केली. कौतुकच होतं ते. पण चॅप्लिनचा भटक्या ठरवून पोलिसाच्या ढुंगणावर लाथ मारून पळू शकतो. जेल्सोमिनाला पळायला रस्ता कुठाय? रस्ता तर झाम्पानोच्या गाडीखाली आहे.

आता पुढच्या तीन वर्षांत काय झालं ते ऐका. मला मासिना कळली ती इथे.

'ला स्त्रादा'च्या आधी, १९५२ मध्ये, फेलिनीच्या 'द व्हाइट शेक'मध्ये मासिनाने अगदी छोटी भूमिका केली होती. बायको हरवलेला एक नवरा रात्री चौकात रडत बसलाय, तिथे दोन वेश्या येतात. त्यातली बुटकी, बडबडी, आग ओकणाऱ्या माणसाचा खेळ बघून लहान मुलासारखी हरखणारी बाई म्हणजे काबिरिया. काही मिनिटांचं काम. पाच वर्षांनी, १९५७ मध्ये, त्याच नावाच्या बाईवर पूर्ण सिनेमा आला, 'नाइट्स ऑफ काबिरिया'. नायिका वेश्या म्हटल्यावर बरेच निर्माते मागे सरले होते. रोमच्या वस्त्यांतली भाषा नीट यावी म्हणून पिअर पाओलो पासोलिनीने संवादांना हात लावला. पुढे तोही मोठा दिग्दर्शक झाला.

सुरुवातच बघा. काबिरिया आपल्या प्रियकराबरोबर नदीकाठी मजेत पर्स फिरवत उभी आहे. तो पर्स हिसकावतो, तिला नदीत ढकलतो आणि पळतो. पर्समध्ये चाळीस हजार लिरा. पोरं तिला बाहेर काढतात, पाणी काढायला उलटी धरतात. शुद्धीवर येताच ही आभार मानते का? छे! पहिल्यांदा प्रियकर कुठाय विचारते, मग वाचवणाऱ्यांवरच खेकसते आणि एक चप्पल घातलेली, एक हरवलेली अशी घरी निघते.

जेल्सोमिना आणि काबिरियात काय फरक? पर्स. जेल्सोमिनाची किंमत दुसऱ्याच्या हातात गेली होती, काबिरियाचे पैसे तिचे स्वतःचे आहेत. लुबाडले गेले तरी तिचे. आणि तिचं घर आहे! रोमच्या बाहेर उजाड माळावर सिमेंटच्या विटांचं खोकं, पण किल्ली तिच्याकडे. एका नटाच्या बंगल्यावर ती योगायोगाने पोचते, तिथल्या काचेच्या कपाटांपुढे गांगरते, पण स्वतःच्या घराबद्दल सांगताना ताठ होते. पाणी आहे, वीज आहे, गॅसची टाकी आहे. थर्मामीटरसुद्धा आहे! त्या थर्मामीटरवर माझा जीव आहे. माझी आजी डाळीच्या डब्यात पैसे ठेवायची आणि पाहुण्यांना घरातला प्रेशर कुकर मुद्दाम दाखवायची, त्यातली ही जात.

मासिनाचा चेहरा इथे पूर्ण वेगळा चालतो. भुवया आडव्या, जाड, पेन्सिलने काढलेल्या. लॅग गेला. काबिरिया आधी प्रतिक्रिया देते, मग विचार करते. शिव्या घालते, मारामारी करते, रस्त्यात मांबो नाचते, पावसात छत्री घेऊन फणकाऱ्याने चालते. कुणी दया दाखवली की तिला राग येतो. आणि तरीही आत कुठेतरी तीच जुनी आशा, की कुणीतरी येईल. एका प्रसंगात ती मैत्रिणींबरोबर मारियाच्या देवळात जाते, गर्दीत रडून रडून मागते, माझं जगणं बदल. बाहेर येऊन सगळे डबे उघडून जेवायला बसतात, फुटबॉल चालू. ती बघते आणि ओरडते, आपण कुणीच बदललो नाही! देवस्थानाहून परतीच्या एसटीत ज्यांना ज्यांना हे वाटलंय त्यांनी हात वर करा.

मग एका थिएटरात संमोहनाचा खेळ करणारा तिला स्टेजवर बोलावतो. तिला वाटायला लागतं की आपण अठरा वर्षांच्या आहोत आणि समोर ऑस्कर नावाचा एक चांगला मुलगा उभा आहे. भर प्रेक्षकांसमोर ती त्या हवेतल्या मुलाला विचारते, तुझं खरंच प्रेम आहे ना? मासिनाचा आवाज इथे दहा वर्षं धुऊन काढल्यासारखा होतो. मग टाळी, जाग, आणि लोकांचं खो खो हसणं. बाहेर पडते तर एक सभ्य दिसणारा माणूस थांबलेला. नाव काय, तर ऑस्कर. मी हॉलमध्ये... सॉरी, सोफ्यावर बसून मोठ्याने "नको" म्हणाले होते.

ती घर विकते. थर्मामीटरवालं घर! बँकेतून साठवलेले सगळे पैसे काढते, आणि जेवताना त्या माणसाला नोटांचं पुडकं दाखवते. तळ्याकाठच्या कड्यावर दोघं उभे राहतात आणि तिला कळतं. आगीतून फुफाट्यात. यावेळी ढकलायचीही गरज पडत नाही, ती स्वतःच खाली कोसळते, म्हणते मला मारून टाक, जगायचं नाही मला. तो पर्स उचलतो आणि पळतो.

म्हणजे सिनेमा जिथे सुरू झाला तिथेच आला, फक्त घरही गेलं. इथे संपला असता तर मी त्याला कधीच माफ केलं नसतं.

रात्र होते. ती उठते. जंगलातून रस्त्यावर येते. काही तरुण मुलंमुली गिटार, अकॉर्डियन वाजवत, स्कूटरवर गोल गोल फिरत चाललेत. ती त्यांच्यामध्ये सापडते. एक मुलगी तिला नुसतं "बुओना सेरा" म्हणते, शुभ संध्याकाळ. काबिरियाच्या गालावर काजळाचा एक काळा थेंब थांबलेला आहे. ती हळूहळू हसते, मान हलवते, आणि तिची नजर फिरता फिरता क्षणभर कॅमेऱ्याला, म्हणजे आपल्याला, जवळजवळ भिडते. जवळजवळ. नीट रोखून बघितलं असतं तर ते भाषण झालं असतं.

शेवटचा शॉट तिचा. ऑस्कर नावाचा तो भामटा कुठे गेला, त्याला पश्चात्ताप झाला का, सिनेमाला काही देणंघेणं नाही. तीन वर्षांपूर्वी याच दिग्दर्शकाने, याच नटीला पडद्याबाहेर मारून पुरुषाला रडू दिलं होतं. आता पुरुष पडद्याबाहेर आणि बाई आपल्यासमोर चालत येते. हे सगळं फेलिनीच्या डोक्यातून आलं असेलही, पण मला वाटतं मासिनाच्या अंगात ती काबिरिया पाच वर्षं दार ठोठावत होती. त्या चौकातल्या काही मिनिटांत ती एवढी जिवंत झाली की तिच्यासाठी सिनेमा लिहावा लागला. त्याला मी 'नवऱ्याने घडवलं' म्हणणार नाही.

कानला तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला, आणि सिनेमाला लागोपाठ दुसरं परभाषी ऑस्कर. अमेरिकेत यावरून 'स्वीट चॅरिटी' नावाचं संगीत नाटक झालं, मग १९६९ मध्ये शर्ली मॅक्लेनला घेऊन सिनेमाही. तिथे नायिका डान्सहॉलमधली मुलगी झाली. चांगला आहे, नाच झकास आहेत, पण थर्मामीटर नाही.

रूममेटने काबिरिया पूर्ण बघितला. शेवटी काही बोलली नाही, फक्त विचारलं की ते घर तिला परत मिळालं असेल का. मी म्हटलं, विकलं ना बाई. ती म्हणाली, "विकायला नको होतं." दोन दिवस तोच विषय.

यानंतरचं थोडं भरभर सांगते. १९५९ मध्ये रेनातो कास्तेल्लानीच्या तुरुंगावरच्या सिनेमात मासिना आणि आन्ना मान्यानी समोरासमोर आल्या. मासिना आत येते ती भोळी मोलकरीण म्हणून. सुटून जाते आणि काही काळाने परत येते ती निर्ढावलेली. बाई भोळी राहण्याची चैन सगळ्यांना परवडत नाही, हे त्या भूमिकेत आहे. मान्यानीपुढे टिकणं सोपं नव्हतं, टिकली.

१९६५ चा 'ज्युलिएट ऑफ द स्पिरिट्स' हा फेलिनीचा पहिला पूर्ण लांबीचा रंगीत सिनेमा. नायिकेचं नाव चक्क मासिनाचंच, जुलिएत्ता. खातंपितं घर, बाग, मोलकरणी. नवरा झोपेत दुसऱ्या बाईचं नाव घेतो आणि ही गुप्तहेर लावते. सिनेमा रंगांनी, टोप्यांनी, भुतांनी इतका गच्च भरलाय की मला स्वतःला मध्ये दम लागला. मासिना मात्र साध्या कपड्यांत, त्या सगळ्या तमाशात एकटीच माणसासारखी दिसते. शेवटी नवरा बॅग भरून जातो आणि ती फाटक उघडून बाहेर पाइनच्या झाडांकडे चालत जाते. यावर नवरा-बायकोत मतभेद होते. फेलिनीला ती मोकळी झाली असं वाटे, मासिनाला तो एकटेपणा वाटे. मला मासिनाचं पटतं. त्या घरात पैसे कुणाचे होते ते एकदा बघा, मग त्या फाटकाबाहेर किती मोकळं वाटेल ते ठरवा.

आणि गंमत म्हणजे त्याच सुमारास, साठच्या दशकाच्या उत्तरार्धात, ती पुन्हा रेडिओवर आली. श्रोत्यांची पत्रं वाचून त्यांना उत्तरं द्यायची. नवरा असा वागतो, मुलगा बोलत नाही, मी काय करू, अशा प्रश्नांना उत्तर देणारी काबिरिया! तो कार्यक्रम मी रोज ऐकला असता.

शेवटचा टप्पा, १९८६, 'जिंजर अँड फ्रेड'. मासिना साठी ओलांडलेली, समोर मार्चेल्लो मास्त्रोयान्नी. दोघे पूर्वी जिंजर रॉजर्स आणि फ्रेड अस्टेअरची नक्कल करून नाचायचे, आता टीव्हीवाल्यांनी ख्रिसमसच्या कार्यक्रमासाठी त्यांना इतक्या वर्षांनी एकत्र बोलावलंय. खऱ्या जिंजर रॉजर्सने या नावावरून खटला भरला होता आणि ती हरली. तो अमेरिकेतला १९८९ चा निकाल कलाकृतीच्या नावात ट्रेडमार्क वापरण्याबद्दल आजही शिकवतात. कायदेवाल्या मैत्रिणींनो, ही तुमच्यासाठी.

मासिनाची अमेलिया इथे विधवा आहे, नातवंडं आहेत, स्वतःचा छोटा धंदा आहे. मास्त्रोयान्नीचा पिप्पो कफल्लक, दारू पिणारा, मानधनासाठी आलेला. नाचताना मध्येच वीज जाते. अंधारात दोघं स्टेजवर बसलेले, पिप्पो म्हणतो चल पळून जाऊ. आता पळून जाणं तिला परवडतं, पण दिवे येतात आणि दोघं उठून नाच पूर्ण करतात. मग स्टेशनवर निरोप. तिला गाडी पकडायची असते, दुसऱ्या दिवशी कामं असतात. जेल्सोमिनाला कुणीतरी झोपेत सोडून गेलं होतं. अमेलिया स्वतः तिकीट काढून, जागी असताना, हात हलवून निघते.

मार्च १९९३ मध्ये फेलिनीला मानद ऑस्कर मिळालं तेव्हा त्याने स्टेजवरून तिला सांगितलं की रडणं थांबव. कॅमेरा तिच्याकडे वळला, डोळे भरलेले, आणि ती हसत होती. यूट्यूबवर आहे. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला, लग्नाचा पन्नासावा वाढदिवस झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी, तो गेला. ती २३ मार्च १९९४ ला.

कुठून सुरुवात करू, असं तुम्ही विचारणारच. बहुतेक जण 'ला स्त्रादा' आधी बघायला सांगतात. मी म्हणेन काबिरिया आधी बघा. मग 'ला स्त्रादा'. काबिरिया डोक्यात असली की जेल्सोमिना नुसती बिचारी वाटत नाही, तिच्या ढोलाच्या आवाजातही पुढची भांडखोर बाई ऐकू येते. मोबाइलवर बघणार असाल तर निदान आडवा धरा. काबिरियाचा शेवटचा शॉट उभ्या स्क्रीनवर बघणाऱ्याशी मी बोलणार नाही.

बघून झालं की कॉमेंटमध्ये लिहा, ते घर तिने विकायला हवं होतं का. रूममेट वाचणार आहे सगळ्या. पुढच्या भागात आन्ना मान्यानी. तोवर टाटा!